जुनी पिकअप भंगारातच का जावी?

पंधरा वर्षे ओलांडलेली शेतीकामाची पिकअप नीट करून वापरणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे राहाता तालुक्यात बाजार समितीच्या आवारापासून गॅरेजपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पंधरा वर्षांनी गाडी कायद्यानेच बाद होते, दुरुस्तीत घातलेल्या पैशात नव्या गाडीचे हप्ते निघतात, जुन्या गाडीचा भरवसा नसतो आणि धुराचा त्रास वेगळाच, असा हा युक्तिवाद असतो. यातले पहिले विधान सरळ चूक आहे. दुसरे सोयीपुरते खरे आहे. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यावरून गाडी मोडीत काढण्याचा निष्कर्ष निघत नाही. धुराचे म्हणणे मात्र बऱ्याच अंशी मान्य करावे लागते.

या भागात पिकअप म्हटले की बहुधा महिंद्राची बोलेरो पिकअप किंवा कॅम्पर, नाहीतर टाटा २०७. त्यांचे काम ठरलेले असते. पेरू-डाळिंबाचे क्रेट बागेतून राहात्याच्या बाजार समितीत न्यायचे, दुधाचे कॅन संकलन केंद्रावर सोडायचे, खताच्या गोण्या आणि शेणखत आणायचे, जळालेली मोटार रिवाइंडिंगला पोचवायची. शिर्डी पाच-सहा किलोमीटरवर आहे, आणि बाभळेश्वर, लोणी, कोपरगाव, श्रीरामपूर ही गावेही एका फेरीच्या टप्प्यात येतात. गाडी रोज चालते पण लांब जात नाही. वेग कमी, थांबे फार आणि बराचसा रस्ता गोदावरी उजव्या कालव्याच्या चाऱ्यांकडेचा, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतवणारा. जुन्या गाडीचे मोल या वापरावरून ठरवायला हवे. रातोरात वाशीच्या बाजारात माल पोचवणाऱ्या गाडीचा हिशेब इथे लावला की उत्तर चुकते.

पंधरा वर्षांचा समज दिल्लीहून आलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये दिलेल्या आदेशांनी राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई झाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. हे सगळे राजधानी क्षेत्रापुरते होते. दूरचित्रवाणीवर बातमी देशभर दिसली, क्षेत्राची मर्यादा कोणी लक्षात ठेवली नाही. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने भंगार धोरण जाहीर केले. त्याच्या नावातच ‘ऐच्छिक’ हा शब्द आहे. सक्ती झाली ती सरकारी गाड्यांवर, एप्रिल २०२३ पासून. शेतकऱ्याच्या गाडीला वयामुळे रस्त्यावरून उतरवणारा असा सरसकट नियम महाराष्ट्रात नाही.

नियम आहे तो पासिंगचा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला योग्यता प्रमाणपत्र लागते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परवान्याची गरज नसते, त्यामुळे पासिंगचीही गरज नाही, असा एक गोड गैरसमज एमएच-१७ पट्टीच्या गाड्यांभोवती फिरत असतो. तो खोटा आहे. परवान्यातून सूट मिळाली म्हणजे तपासणीतून सुटका झाली, असे होत नाही. ‘आपल्याच वावरात चालते, कागद कशाला’ हेही तितकेच पोकळ. नोंदणीचे कलम सार्वजनिक जागेसोबत ‘इतर ठिकाणा’चाही उल्लेख करते, आणि वावरातून बाजार समितीपर्यंतचा रस्ता कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो.

जुनी गाडी ठेवणे महाग मात्र झाले आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील हलक्या खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, व्यावसायिक गाड्यांचे तपासणी शुल्कही कित्येक पटींनी वाढले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर आहे, मालवाहू गाडीला तो आठ वर्षांनंतरच सुरू होतो. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला धरावा. गाडी बांधून झाल्यावर तो आठवला की उरलेल्या पैशात टायर बसत नाहीत.

आता हप्त्यांचा मुद्दा. नव्या पिकअपसाठी नऊ लाखांचे कर्ज, दहा टक्के दर आणि पाच वर्षे मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे १९,१०० रुपये येतो, आणि पाच वर्षांत जवळजवळ अडीच लाख रुपये नुसते व्याज जाते. म्हणजे नव्या गाडीच्या व्याजाइतक्या रकमेत जुनी गाडी मुळापासून नीट होऊ शकते. ‘तेवढ्याच पैशात नवी’ म्हणणारे या व्याजाचा उल्लेख टाळतात. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो आणि पेरूचा पैसा बहाराला येतो. मृग बहाराचा भाव पडला तरी बँकेची तारीख हलत नाही.

विरोधकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. जुनी गाडी खर्च सांगून करत नाही. तोडलेला पेरू दोन दिवस थांबत नाही, आणि नेमक्या त्याच सकाळी क्लच बसला तर भाड्याची गाडी, उतरलेला भाव आणि मजुरांचा खाडा असे तीन खर्च एकदम येतात. म्हणून हातात पैसे येतील तसे सुटे सुटे काम करत राहणे ही सर्वात महाग पद्धत आहे. तोडणी नसलेल्या काळात गाडी उभी करून एका दमात काम उरकले तरच वरचा हिशेब खरा ठरतो. ज्यांना तसे करणे शक्य नाही त्यांच्यापुरता हप्त्यांचा युक्तिवाद खरा आहे, आणि त्यांनी तो ऐकावा.

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार मात्र या गाड्यांना लागू पडत नाही. जुन्या बोलेरोमधले २,५२३ सीसीचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिन वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने विकले गेले, आणि ज्या नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो बाहेर पडते ते शहर राहात्यापासून शंभरएक किलोमीटरवर आहे. रिंग, लायनर, बेअरिंग, गॅस्केट कंपनीचे मिळतात आणि लोकलही. त्यातही यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांचा मोठा गुण असा की त्यांच्यात लॅपटॉप जोडावा असे फारसे काही नाही. पंप आणि नोझल बेंचवर तपासून लावता येतात, क्रँक लेथवर घासता येतो. कॉमन रेल गाडीत एक इंजेक्टर गेला की हिशेब बदलतो.

खरी परीक्षा बॉनेट उघडून होत नाही, गाडीखाली झोपून होते. पिकअपचा सगळा भार शिडीसारख्या चेसिसवर असतो. केबिन, हौदा, इंजिन, पाटे हे सगळे तिला टांगलेले असते. केबिनच्या पाठीमागे आणि हौद्याच्या सुरुवातीला चेसिस सर्वाधिक वाकते, म्हणून तडा तिथे किंवा पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ जातो. गंज वेगळ्या जागा निवडतो. खत वाहणाऱ्या गाडीचा हौदा आतून झिजतो, कारण म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या खतातले क्लोराइड आणि अमोनियमचे क्षार ओल धरून ठेवतात आणि लोखंडाला गंज चढण्याचा वेग वाढवतात. गोणी फुटली, पाऊस पडला, पाणी पत्र्याच्या सांध्यात मुरले की वरचा रंग शाबूत दिसत असताना खालचा आडवा पट्टा पापुद्र्यांनी सुटत जातो. छोट्या हातोडीने ठोकून पाहिले तर शाबूत लोखंड खणखणते आणि कुजलेले बद्द वाजते. जिथे बद्द वाजते तिथला रंग खरवडून पाहिल्याशिवाय मेस्त्रीला इसार देऊ नये. डांबरी लेप मारून आणलेल्या गाडीबाबत तर दुप्पट सावध राहावे. सुक्या, साफ लोखंडावर मारलेला लेप संरक्षण करतो, पण गंजावर मारलेला लेप आतली ओल कोंडून ठेवतो आणि गिऱ्हाइकाची नजरही चुकवतो.

तडा चेसिसच्या उभ्या भिंतीत असेल, छोटा असेल, तर टोकाला भोक पाडून, खाच काढून, योग्य जाडीची पट्टी जोडून कसबी वेल्डर तो भरून काढतो. वरच्या-खालच्या ओठावर मात्र आडवे वेल्डिंग करू नये, त्या ओठांत भोकेही पाडू नयेत, कारण वाकण्याचा ताण तिथेच सर्वाधिक असतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात. चेसिसचे काम संपेपर्यंत इंजिनाला हात लावू नये. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आवाज इंजिनाचा येतो म्हणून आधी इंजिन बांधले जाते, मग रंग होतो आणि चेसिसच्या वेळी पैसे संपलेले असतात. दोन लाखांचे अंदाजपत्रक असेल तर त्यातला निम्मा पैसा चेसिस, ब्रेक, स्टिअरिंग, पाट्यांचे बुश आणि टायर यांतच जायला हवा. इंजिन-गिअरबॉक्सला त्यानंतरचा मोठा वाटा मिळावा. रंगाला उरेल ते पुरे. रेडऑक्साइड मारून, हाताने रंगवून गाडी बाजार समितीत गेली म्हणून पेरूचा भाव पडत नाही.

असुरक्षिततेचा आक्षेप सर्वात जास्त लागू होतो तो ब्रेकला. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप तयार करतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. चार्जिंग होत नाही म्हणून स्वस्तातला अल्टरनेटर बसवला जातो. चार्जिंग सुरू होते, पण पंप कमकुवत निघाला तर ब्रेक पाटीसारखा कडक लागतो, आणि दोष मात्र ब्रेक लायनरला दिला जातो. दुसरी खोड जादा पाट्यांची. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागचा धुरा आणि चेसिस यांतल्या अंतरावरून त्याला भार कळतो. दोन जादा पाटे घातले की भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांचा दाब आवरून धरतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. अशी गाडी उतारावर थांबत नाही तेव्हा ‘जुनी झाली’ म्हणून बोट तिच्या वयाकडे दाखवले जाते. वास्तविक तिच्यात गैरकाम झालेले असते. आरसीवरचे एकूण वजन पाटे वाढवून वाढत नाही, हे वेगळे सांगायला नको.

इथून वाद दुसऱ्या बाजूशी सुरू होतो. गाडी भंगारात घाला म्हणणाऱ्यांइतकेच नुकसान गाडी सजवा म्हणणारे करतात. उंच केलेले सस्पेन्शन, बाहेर आलेले रुंद टायर, समोर जाड पाइपांचा गार्ड, डोळे दिपवणाऱ्या एलईडी पट्ट्या, फाडलेला सायलेन्सर. यातली एकही गोष्ट क्रेट वाहून नेत नाही. पाइपांच्या गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे, कारण धडकेचा जोर तो थेट चेसिसला देतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो. कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे बंधन ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. इंजिन बदलायचे तर आधी मंजुरी आणि मग आरसीवर नोंद लागते. रंग बदलला तरी तो आरसीशी जुळायला हवा.

या मुद्द्यावर देवराष्ट्र्याचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप तयार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पोचली. गावचा कारागीर करू शकतो, मग कायदा कशाला आडवा येतो, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. पण गोष्टीचा उत्तरार्ध सोयीने गाळला जातो. महिंद्रा उद्योगसमूहाचे आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच, ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अडवली जाईल, हे स्पष्ट लिहिले होते. तिच्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार यांना मिळाली. कारागिराच्या बुद्धीला दाद मिळाली, पण रस्त्यावर चालवण्यासाठी दिली गेली ती कारखान्याची गाडी. राहात्याच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर हे उमजायला अडचण नसावी. गाड्यांचे नमुने तपासून मान्यता देण्यासाठी केंद्रीय नियमांत ज्या मोजक्या संस्थांची नावे आहेत, त्यांतली एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, याच जिल्ह्यात आहे. कारखान्याची चेसिस अशा परीक्षेतून गेलेली असते. गॅरेजमध्ये कापून लांब केलेल्या चेसिसची परीक्षा पहिल्या भरलेल्या फेरीत होते.

याचा अर्थ गाडीत काहीच बदलू नये असा नाही. शेतीला उपयोगी पडणारे बदल बहुतेक हौद्यात होतात आणि ते सुटे ठेवता येतात. पेरूचे क्रेट एकावर एक रचले की खालची फळे क्रेट मोडल्यामुळे दबतात किंवा गचक्यांनी घासतात. खिळीने बसणारी आणि खत आणायचे त्या दिवशी काढून ठेवता येणारी दोन मजली लोखंडी चौकट हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. बाजूच्या जाळीतून वारा खेळता राहावा, वर काळ्याऐवजी फिकट ताडपत्री असावी, म्हणजे दुपारी फळ तापत नाही. हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी निघायला भोके हवीत, पण पत्र्यात, चेसिसमध्ये नव्हे. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या नव्या कराव्यात. दोर बांधायचे हूक आतल्या बाजूला घ्यावेत.

हौद्याचा पत्रा बदलताना एक साधा गुणाकार करावा. लोखंड दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरते. अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद तळाला ३ मिलिमीटरचा पत्रा सुमारे १०० किलोचा होतो, २ मिलिमीटरचा ६७ किलोचा. ‘एकदाच जाड टाका’ हा मेस्त्रीचा सल्ला मालकाला प्रत्येक फेरीत ३३ किलोला, म्हणजे दीडएक क्रेट पेरूला पडतो. दगड-मुरूम वाहणाऱ्याने जाड पत्रा घ्यावा. फळबागवाल्याने २ मिलिमीटरचा घेऊन खालचे आडवे पट्टे जवळ जवळ द्यावेत.

धुराच्या आक्षेपाला उडवून लावणारे उत्तर देता येत नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम आहे, आधीच्या बीएस-४ मध्ये ती २५ होती, आणि पंधरा-वीस वर्षांची पिकअप त्याही आधीच्या मानकाची असते. कितीही दुरुस्ती केली तरी ती बीएस-६ होत नाही. एवढेच म्हणता येते की वर्षाला थोडे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा एकूण धूर रोज नाशिक-पुणे करणाऱ्या गाडीपेक्षा कमी असतो, आणि नव्या गाडीसाठी लागणारे पोलाद धुराशिवाय तयार होत नाही. शिवाय बीएस-६ डिझेल गाडीतला काजळीचा फिल्टर साफ होण्यासाठी धुराड्याचे तापमान चढावे लागते. बाग ते बाजार समिती अशा छोट्या फेऱ्यांत ते चढत नाही आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे नवी गाडीही या वापराला सोसतेच असे नाही. पण जुन्या गाडीने ओकलेला काळा धूर अटळही नसतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, नोझल, पंपाचे सेटिंग. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. सकाळच्या थंडीनंतरही न जाणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल किंवा हेड गॅस्केटमधून आत येणारे पाणी. रंग न पाहता थेट इंजिन खोलणे हा पैशाचा शुद्ध नाश आहे. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिज एककांपर्यंत धूर चालतो. ही मर्यादा सैल आहे, आणि नोझल-पंप नीट असलेली गाडी तिच्या बरीच खाली राहायला हवी. गाडी न तपासता मिळालेल्या पीयूसीच्या कागदाने आक्षेप खोडला जात नाही.

काही पिकअप खरोखर भंगारातच जायला हव्यात. ज्यांच्या चेसिसचे दोन्ही पट्टे गंजून पातळ झाले आहेत, ज्या अपघातात वाकून पुन्हा ओढून सरळ केल्या आहेत, ज्यांच्या आरसीवरचा चेसिस नंबर आणि चेसिसवरचा नंबर जुळत नाही. चेसिसवरचा नंबर गंजाने खाल्ला असेल तर दुरुस्तीआधी परिवहन कार्यालय गाठावे. तो स्वतः घासून, ठोकून ‘स्पष्ट’ करणे हा चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेण्याचा मार्ग आहे. थकलेला कर आणि चलने एकत्र करून दुरुस्तीच्या रकमेत मिळवावीत, आणि बेरीज गाडीच्या चालू बाजारभावापेक्षा जास्त होत असेल तर भावनेला थारा देऊ नये.

अशी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊन मोकळे होण्याची पद्धत मात्र महागात पडते. इंजिन, गिअरबॉक्स आणि नंबरपाटी तीन दिशांना जातात, आरसी मालकाच्याच नावावर राहते, आणि त्या नंबरने पुढे काही घडले तर चौकशी त्याच्याकडे येते. नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नवी मालवाहू गाडी घेताना मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत आणि खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, परिवहन कार्यालयाला कळवून आरसी जमा करावी लागते. राहात्याच्या गाडीसाठी ते कार्यालय श्रीरामपूरला आहे.